हौसेचे विमान आणि एक राजीनामा

आकाश, कायदा आणि एका माणसाची अब्रू या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पणाला लागल्या, असे प्रकरण माझ्या नोकरीत एकदाच आले, आणि इतक्या वर्षांनंतरही ते मनातून पुसले गेलेले नाही. त्यातले विमान मात्र मी कधी पाहिले नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी दिल्लीच्या दक्षिण भागात सहायक पोलीस आयुक्त होतो. माझ्या हाताखालच्या एका ठाण्यात एका बड्या बिल्डरची लेखी तक्रार आली. त्याचे स्वतःचे चार आसनांचे विमान होते. वैमानिकाचा परवाना असल्याने तो ते स्वतःच चालवत असे. विमान नुकतेच विकले होते, पण उड्डाणांच्या नोंदींच्या चार जुन्या वह्या कार्यालयातून नाहीशा झाल्या होत्या. नोकरी सोडून गेलेल्या मेकॅनिकने रागापोटी त्या चोरल्या, असा त्याचा आरोप होता. नोकराने मालकाकडे केलेली चोरी कायदा जास्त गंभीर मानतो.

तक्रारीपाठोपाठ वरून फोन आला. "एविएशन का मामला है, ज़रा सीरियसली लीजिए." विमान हा शब्द उच्चारताना माणसांचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी त्या आठवड्यात शिकलो. त्याच ठाण्यात एका मोलकरणीच्या चांदीच्या पैंजणांची तक्रार तीन आठवडे पडून होती. तिच्यासाठी कोणाचा आवाज खाली आला नव्हता.

मेकॅनिक वायुसेनेतून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला, वाई तालुक्यातला माणूस. पालमला दोन खोल्यांत बायकोसह राहत होता. पानिपतच्या पुढे एका वैमानिक प्रशिक्षण शाळेत त्याला नवी नोकरी मिळाली होती. पंधरवड्यानंतरच्या सोमवारी हजर व्हायचे होते, आणि हजर होताना पोलिसांचा चारित्र्याचा दाखला द्यायचा होता. अटक झाली असती तर दाखला नाही, नोकरी नाही, आणि चोरीचा डाग लागलेल्या माणसाच्या हाती पुन्हा कोणी विमान दिले नसते. दुसरे काम त्याला येत नव्हते.

त्याची चौकशी आमच्या हवालदाराने केली. हवालदार रोहतककडचा, सरळ माणूस, अक्षर मोत्यासारखे. त्याने लिहिलेल्या जबाबातले शेवटचे वाक्य असे होते: "मैं पहले ही मालिक को राज़ीनामा लिखकर दे चुका हूँ."

दिल्लीच्या ठाण्यात 'राज़ीनामा' म्हणजे दोन पक्षांनी आपसांत केलेला लेखी समझोता. मारामारी झाली, गाडीला गाडी घासली, की दोघे राज़ीनामा लिहून देतात आणि घरी जातात. ठाणेदार म्हणाला, "सर, समझौता लिखकर दे चुका है. चोरी नहीं की, तो समझौता किस बात का?"

मराठी वाचक इथे हसला असेल. मी हसलो नाही. दिल्लीत मला बारा वर्षे झाली होती. ऑफिसात हिंदी, फायलीत हिंदी, मंडईत हिंदी. मी ते वाक्य वाचले, मान डोलावली आणि सोमवारी सकाळी अटकेचे कागद माझ्यापुढे ठेवायला सांगितले. तो शुक्रवार होता.

रविवारी सकाळी मी सवयीने कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात नाश्त्याला गेलो. तिथे आयकर खात्यातले एक मराठी अधिकारी नेहमी भेटत. तोलून बोलणारे, पोह्यांवर खोबरे कमी पडले तरी लेखी तक्रार करणारे गृहस्थ. त्या दिवशी त्यांनीच विषय काढला.

"तुमच्याकडे कुणाच्या वह्या हरवल्यात का हो?"

"कसल्या वह्या?"

"ते मी कसं सांगणार? मी फक्त 'समजा' म्हणू शकतो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "समजा, एखाद्याने निव्वळ हौसेखातर विमान घेतलं. घरातला फ्रिज वापरावा तसं वापरलं आणि विकलं. नफा झाला तरी आम्ही त्यावर कर लावत नाही. स्वतःच्या वापराची वस्तू."

"भाग्यवान आहे."

"ऐका तर. पण तेच विमान धंद्याचं म्हणून दाखवलं, साइटची पाहणी करायला लागतं म्हणून दरवर्षी घसारा वजा करून घेतला, तर कागदावर त्याची किंमत जवळजवळ शून्य होते. मग विकल्यावर येईल ती बहुतेक सगळी रक्कम करपात्र. आता समजा, हा माणूस सात वर्षं घसारा घेतो, आणि विकताना म्हणतो, छे, ते तर हौसेचं होतं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"आम्ही म्हणतो, उड्डाणांच्या वह्या दाखवा. कुठे गेलात, कशासाठी गेलात, सगळं तिथे लिहिलेलं असतं." त्यांनी पुन्हा चमचा उचलला. "आणि वह्या चोरीला जातात. मी काही बोललो नाही हं."

घरी आलो तेव्हा हा विचार डोक्यात होता: वह्या नाहीशा झाल्याने मेकॅनिकचा फायदा काय? काहीच नाही. पण जबाबातल्या त्या वाक्याचे काय करायचे, ते सुचत नव्हते. आमच्याकडे मुंबईचे वर्तमानपत्र दोन दिवस उशिरा यायचे. धाकटी मुलगी दिल्लीतच वाढलेली, तिचे मराठी टिकावे म्हणून तिची आई तिला रोज ठळक बातम्या वाचायला लावी. त्या दिवशी तिने वाचले, "मंत्र्यांचा तडकाफडकी राजीनामा," आणि विचारले, "पप्पा, मंत्र्याचं कुणाशी भांडण झालं होतं?"

"भांडण कशाला?"

"मग राजीनामा का? तुम्हीच म्हणता ना, भांडण झालं की राजीनामा करतात."

माझी बायको म्हणाली, "घ्या. अजून बदली मागू नका."

मी ठाण्यात फोन लावला आणि मेकॅनिकला सकाळी माझ्यासमोर आणायला सांगितले. कागद तसेच ठेवायला सांगितले.

तो आला आणि सावधान उभा राहिला. मी मराठीत "बसा" म्हटले, तेव्हा त्याने आधी मागे वळून पाहिले, कोणाला म्हटले ते.

"राजीनामा कशाचा दिलात?"

"नोकरीचा, साहेब. आणखी कशाचा असतो?"

"हवालदारांना सांगितलंत का, नोकरीचा म्हणून?"

"राजीनाम्यात आलंच की ते."

नोकरी का सोडली, ते त्याने मग सांगितले. दर रविवारी मालक बायको-मुलांना आणि कुत्र्याला घेऊन विमानाने फेरफटका मारून येत. उतरल्यावर वहीत उद्देशाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहीत, 'साइटची पाहणी'. वजनाची नोंद मेकॅनिककडे असे. त्यात कुत्रा प्रत्येक वेळी होता.

"साइटवर कुत्रा कशाला लागतो, हे मी विचारलं नाही, साहेब. आपलं काम नट-बोल्टचं."

विमान विकायचे ठरल्यावर मालकाने चार कोऱ्या वह्या आणल्या आणि जुन्या नोंदी उतरवून काढायला सांगितल्या. फरक एवढाच, 'साइटची पाहणी' असेल तिथे 'स्वतःच्या आनंदासाठी' लिहायचे.

"मी म्हटलं, जमणार नाही. एकदा उडालेलं विमान पुन्हा उडवता येत नाही. म्हणाले, मग घरी जा. मी म्हटलं, जातो, पण लिहून देऊन जातो."

वायुसेनेत वीस वर्षे काढलेला माणूस ताबा दिल्याशिवाय जागा सोडत नाही. त्याच्या राजीनाम्याखाली यादी होती: पान्यांचा संच एक, टाकीच्या झाकणाच्या किल्ल्या दोन, नोंदवह्या चार, प्रत्येकीचा क्रमांक. खाली मालकाच्या सेक्रेटरीची सही आणि शिक्का. त्याची कार्बन प्रत पालमला ट्रंकेत होती.

"ही हवालदारांना का दाखवली नाहीत?"

"मागितली नाही, साहेब. मी राजीनामा म्हटलं की ते मान हलवायचे. मला वाटलं, पटलं."

हवालदार दारात उभा होता. त्याला मी अर्थ समजावून सांगितला. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "तो इस्तीफ़ा बोलना था ना, भाई." मेकॅनिक म्हणाला, "तो शब्द कुणाला माहीत?"

दुपारी बिल्डर वकिलासह आला. मी एकच प्रश्न तयार ठेवला होता. "विमान किसलिए था? काम या शौक?"

तो वकिलाकडे पाहू लागला. काम म्हटले तर विक्रीवर कर. शौक म्हटले तर सात वर्षांचा घसारा खोटा.

"जनाब, काम भी था, शौक भी था."

"ज़्यादा क्या था?"

"वो तो सीए साहब बताएँगे."

पालमहून मागवलेली कार्बन प्रत मी पुढे सरकवली. सेक्रेटरीची सही त्याने ओळखली. वकिलाने आपला चष्मा पुसायला घेतला. संशयिताच्या वकिलाने चष्मा पुसायला घेतला की प्रकरण संपले, असा माझा अनुभव आहे.

"मिल जाएँगी," बिल्डर म्हणाला.

वह्या देवघरात होत्या. दरवर्षी दिवाळीला धंद्याच्या खातेवह्यांबरोबर त्यांचीही पूजा होत असे. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'शुभ लाभ'. त्याने त्या जाळायचे ठरवले होते, पण पूजा झालेली वही जाळायला त्याच्या आईने साफ नकार दिला होता. आयकरवाल्यांना पुढे नोंदी वाचायची फारशी गरज पडली नाही, असे मला नंतर कळले. 'शुभ लाभ' पुरेसे झाले.

खोट्या तक्रारीबद्दल बिल्डरवर कारवाई करता आली असती. मेकॅनिकला विचारले. तो म्हणाला, "खटला चालला तर तारखांना यावं लागेल, साहेब. मला तेवढा दाखला द्या. पानिपतकडे जायचंय म्हटल्यावर आधीच आई फोनवर रडतेय."

बिल्डरने लेखी माफी मागायची आणि प्रकरण तिथेच मिटवायचे, असे ठरले. हवालदाराने कागद लिहिला, सुंदर अक्षरात, आणि वर ठळक शीर्षक घातले: राज़ीनामा. मेकॅनिकने ते वाचले आणि पेन खाली ठेवले.

"साहेब, हा मी एकदा दिलाय."

त्याला समजावून सही घ्यायला दहा मिनिटे गेली. नव्या नोकरीवर तो ठरलेल्या सोमवारी वेळेवर हजर झाला.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. खोटे बोलणाऱ्याची खरी पंचाईत तो कधीतरी खरे बोलतो तेव्हा होते. ते विमान खरोखरच हौसेचे होते. त्या माणसाने सात वर्षांत एकदाच खरे सांगितले, आणि त्याचेच हस्ताक्षर त्याच्याविरुद्ध उभे राहिले. पण ही झाली त्याची गोष्ट. माझी जास्त जड आहे. एका निरपराध माणसाने आपल्या भाषेतला साधा शब्द उच्चारला, त्याच भाषेत जन्मलेल्या अधिकाऱ्याने तो वाचला, आणि त्या शब्दावर त्याला कोठडीत टाकायची तयारी केली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुठलाही जबाब, देणाऱ्याला त्याच्या बोलीत विचारून घेतल्याशिवाय पुढे पाठवला नाही. लिहिलेला शब्द फार जपून वाचावा लागतो.

या तपासाबद्दल मला वरिष्ठांचे प्रशस्तिपत्र मिळाले. त्यात 'चोरीस गेलेले विमान शोधून काढल्याबद्दल' असे लिहिले आहे.