घरचं माणूस शेवटी

नाशिकरोडला एका दुकानाच्या वरच्या खोलीत मी इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो. बायको संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची. वर्ग सुटला की दोघं स्कूटरवर घरी. फुकटची विद्यार्थिनी म्हणून मी तिला चिडवायचो.

एकदा फळ्यावर मजेचे शब्दप्रयोग लिहिले: हॅव फन, एन्जॉय युअरसेल्फ, हॅव अ ग्रेट टाइम. आपल्याकडे परतलेल्या माणसाला जेवलास का, गाडी मिळाली का, एवढंच विचारतात. इंग्रजीत मजा आली का हे आधी विचारतात, असं मी ऐटीत सांगितलं. मग एकेकाला उभं केलं. तुमचा सगळ्यात मजेचा दिवस कोणता? कोणी गोवा म्हणालं, कोणी भावाची हळद. मागे बायकोनं हात वर केला. ओठांत वाक्य जुळवत होती.

"घरचं माणूस शेवटी," मी म्हणालो. पंगतीत आमची हीच रीत. सगळे हसले, तीही हसली. तिची पाळी यायच्या आत वेळ संपला. स्कूटरवर मी तिला विचारलं, दूध घेतलंस का.

पुढच्याच महिन्यात तिला ताप आला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

तो धडा आता मी गाळतो. तिच्या चष्म्याचा नंबर मला पाठ आहे, पण तिचा मजेचा दिवस माहीत नाही, याची लाज वाटते. परवा न राहवून येवल्याला मेहुणीला फोन केला.

"सिन्नरचा दिवस सांगायची ना ती," मेहुणी म्हणाली. "तुमची एसटी चुकली होती, दाजी. तीन तास स्टँडवर बसले होते तुम्ही. भेळ खाल्ली, गप्पा मारल्या. लय मजा आली म्हणायची."

तो दिवस मला चांगला आठवतो. उशीर तिच्यामुळे झाला म्हणून मी तिच्यावर खेकसलो होतो आणि नंतर तोंड फिरवून बसलो होतो.

"गप्पा कोणाशी मारल्या?"

"तुमच्याशीच की."

ती बोलत होती, एवढं खरं. भेळेचा कागद मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बोलत होती. मी ऐकत नव्हतो. काय बोलत होती ते मेहुणीला विचारलं, तर तिलाही ठाऊक नव्हतं.