मागच्या दारानं कामावर

आमच्या गल्लीत माणूस काय करतो असं कुणी विचारत नसे. कुठं जातो, असं विचारत. उत्तरं ठरलेली असायची. शिरोलीला जातो, उद्यमनगरला जातो, कोर्टात जातो, मार्केट यार्डात जातो. जायला जागा असली की माणूस कामाचा. शाहूपुरीच्या मागच्या अंगाला असलेली आमची ही गल्ली नव्वदच्या दशकात सकाळी आठ वाजता पुरुषांनी रिकामी व्हायची. आठनंतर जो पुरुष दिसेल तो आजारी, रिटायर नाहीतर वाया गेलेला. चौथा प्रकार आम्हाला माहीत नव्हता.

आबा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. काळ्या मातीत साचा भरायचा आणि त्यात लोखंडाचा रस ओतायचा, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. संध्याकाळी मोरीत अर्धा तास हातपाय घासत, तरी नखांतली माती निघत नसे. उशीच्या अभ्र्यावर त्यांच्या डोक्याचा काळा गोल उमटलेला असायचा आणि आई त्यावरून रोज बोलायची. काम म्हणजे काय, याबद्दल आबांच्या मनात कधी शंका आली नाही. अंग दुखलं पाहिजे, कपडे मळले पाहिजेत आणि मुख्य म्हणजे घर सोडून जायला पाहिजे.

मी डिप्लोमा केला आणि शिरोलीतच दुसऱ्या एका वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो. आधी बोर्डावर पेन्सिलीनं, मग कॉम्प्युटरवर. माझा शर्ट मळत नसे, हे आबांना थोडं खुपायचं. पण मी आठला डबा घेऊन निघतो आणि सहाला परत येतो, एवढ्यावर त्यांनी मला पास केलं होतं.

दोन हजार सालानंतर वर्कशॉपचं काम आटलं. एक दिवस तिथल्या साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले की पगार परवडत नाही, पण ड्रॉइंगं तर लागणारच. जुना कॉम्प्युटर घेऊन जा, घरी बसून करून दे, कामागणिक पैसे देतो. बाहेरची कामं घेतलीस तरी माझी हरकत नाही. मला तर ते बक्षीसच वाटलं. रिक्षात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन मी भर दुपारी घरी आलो.

आबा तोवर रिटायर होऊन दारासमोरच्या कट्ट्यावर बसायला लागले होते. कट्ट्यावर त्यांच्यासारखेच आणखी दोघं-तिघं. सगळ्यांनी रिक्षा पाहिली. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी लुंगीवर दारात पेपर चाळत उभा राहिलो, तर त्यांतले एक जण म्हणाले, "काय पावणं, रजा काय?" तिसऱ्या दिवशी तोच प्रश्न. चौथ्या दिवशी प्रश्न बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं. आबा त्या दिवशी कट्ट्यावर गेलेच नाहीत.

माझ्या कामाला आबांनी कधी काम म्हटलं नाही. आईला विचारायचे, "त्याची खटखट झाली का? मग जेवायला वाढ." मी सकाळी सहापासून बसलो असलो, डोळे चुरचुरत असले, तरी ती खटखट. रेशन आणायचं असलं, विजेचं बिल भरायचं असलं की हाक मला. कारण मी घरातच तर असतो. आई गल्लीतल्या तीन एकट्या कामगारांचे डबे करायची, रोज तीसेक भाकऱ्या थापायची. ती एकदा म्हणाली, "मी बी जलमभर घरातच हाय की. मग मी काय केलं म्हणायचं?" आबांनी पेपर उघडला. खरं सांगायचं तर मीही तिची बाजू घेतली नाही. मला तेव्हा माझीच पडली होती.

त्यातच कुरुंदवाडचं एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी चहा पिता पिता नेमका तोच प्रश्न टाकला. कुठं जातो मुलगा? मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, शिरोलीला. पक्की नोकरी आहे. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते कपातल्या चहाकडं बघत होते. ते स्थळ पुढं पत्रिकेवरून मोडलं. स्थळ गेलं, पण खोटं आमच्याकडंच राहिलं, कारण तो चहा चालू असताना कट्ट्यावरचे दोघं मध्यस्थ म्हणून तिथंच बसलेले होते.

मग सुरू झाला आमचा तमाशा. त्याचं आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. सकाळी आठला मी बूट घालून, डबा घेऊन पुढच्या दारानं निघायचो. कट्ट्यावरून आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "सावकाश जा." मी बस स्टॉपपर्यंत जायचो, मग बाजूच्या रस्त्यानं वळसा घालून मागच्या बोळातून स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत शिरायचो. तिथं कॉम्प्युटर. संध्याकाळी सहाला मागच्या दारानं बाहेर, वळसा, आणि पुढच्या दारानं घरी. आणलेला डबा दुपारी आईसमोरच उघडून खायचो. आबांनी हे मला करायला सांगितलं नव्हतं. पण पहिल्या सकाळी डबा भरून त्यांनी तो स्वतः उंबऱ्याशी आणून ठेवला होता, आणि मला काय ते कळलं.

बोळातल्या बायकांना अर्थातच सगळं माहीत होतं. धुणं धुताना त्या मला रोज बघायच्या. एकजण तर अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "आलासा का कामावर?" पण त्यातल्या एकीनंही आपल्या नवऱ्याला सांगितलं नाही. झाकली मूठ त्यांनी आमच्यासाठी जवळजवळ वर्षभर झाकून ठेवली. त्यांच्या घरातले पुरुष बाहेर काय सांगत आणि आत काय असायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

कामं येत होती, पण किरकोळ. आठवड्यातून दोनदा मी खरंच शिरोलीला जाऊन फ्लॉपी देऊन यायचो. अशाच एका फेरीत कळलं की आबांच्या फौंड्रीच्या मालकांना त्यांच्या पंपांची सगळी जुनी कागदी ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर चढवून घ्यायची आहेत. सहा-आठ महिन्यांचं सलग काम. ते मिळालं असतं तर शिरोलीत माझं नाव झालं असतं, आणि मला नोकरीचा विचार कायमचा सोडता आला असता. मी मालकांना फोन केला. आबांचं नाव ऐकून ते मोकळेपणानं बोलले. म्हणाले, तू घरीच असतोस ना, एकदा येऊन बघतो तुझं मशीन.

कधी येणार ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी हे आबांना सांगितलं नाही. तो माझा मूर्खपणा. पण काय सांगणार होतो? तुमचे मालक माझी खटखट बघायला येणार आहेत म्हणून?

आठवड्यानं अकराच्या सुमाराला गल्लीत मोटार थांबल्याचा आवाज आला. आमच्या खोल्या एकामागं एक, मध्ये नुसते पडदे, आणि फौंड्रीच्या गोंगाटात आयुष्य गेल्यामुळं आबांचा आवाज दणदणीत. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

मालकांनी विचारलं, "मिस्त्री, पोरगा आहे का घरात?"

कट्ट्यावर सगळी मंडळी होती. समोर ज्यांच्याकडं अठ्ठावीस वर्षं काम केलं ते मालक, पहिल्यांदाच दारात आलेले.

"न्हाय मालक. कामावर गेलाय की."

"म्हणजे नोकरी धरली?"

"व्हय. शिरोलीलाच. पक्की हाय."

मी खुर्ची मागं सारून उठलो. मधल्या खोलीत आईचा हात परातीत थांबला होता आणि ती पडद्याच्या फटीतून माझ्याकडं बघत होती. चार पावलं टाकली असती, पडदा सारला असता, की मी दारात. आणि आबा? ज्या माणसासमोर त्यांनी कधी मान वर करून उत्तर दिलं नव्हतं, त्याच्यासमोर आणि सगळ्या कट्ट्यासमोर ते खोटे पडले असते. मी खाली बसलो. बाहेर मालक म्हणाले की बरं झालं, मुलाचं बस्तान बसलं, आणि चहा न घेताच मोटार गेली.

त्या दिवशी मला आबांचा खूप राग आला होता, आणि माझा त्याहून जास्त. फोन करावा तर वडील खोटं बोलले असं सांगावं लागणार, न करावा तर काम जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दोन दिवस मी फोनकडं नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी केला, तेव्हा मालक म्हणाले की तू नोकरीत अडकलास म्हणून काम इचलकरंजीच्या एका पार्टीला दिलं. मी बरं म्हणालो आणि ठेवला. खुलासा काही केला नाही.

आईला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. आईनं आबांना सांगितलं. कोणतं काम, किती महिन्यांचं, आणि मालक त्या दिवशी कशासाठी आले होते, ते सगळं. रात्री आबा जेवले, हात धुतले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला शर्ट आणि इस्त्रीची टोपी घातली आणि मी निघायच्या आधीच आठच्या बसनं कुठंतरी गेले. आईला कुठं ते सांगितलं नाही.

दुपारी चारला फोन वाजला. आबांचे मालक होते. ते सांगायला लागले आणि मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. आबा फौंड्रीत गेले होते. गेटवर ओळखीच्या वॉचमननं आत सोडलं. मालकांच्या केबिनमध्ये अठ्ठावीस वर्षांत कधी न बसलेल्या खुर्चीवर, बसा म्हटल्यावरही ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले होते, "मालक, मी खोटं बोललो. पोरगं आतच हुतं, मागल्या खोलीत. त्याला ऐकू आलं न्हाय, न्हायतर त्यो आला असता. चूक माझी हाय, त्याची न्हाय."

मालक म्हणाले, "ते काम आता गेलं, बाळ, दिलेला शब्द मला फिरवता येत नाही. पण तुझ्या वडिलांना मी अशा आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पुढं काही निघालं तर सांगीन." पुढं तीन-चार बारकी कामं त्यांनी दिली. ते मोठं काम काही परत आलं नाही.

संध्याकाळी आबा आले तेव्हा मी मागच्या खोलीतच होतो. ते थेट मोरीत गेले, पाय धुतले, आणि पंच्यानं पुसत मोरीच्या कडेवर बसले. दिवसभराच्या उन्हानं चेहरा उतरला होता. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. मालकांचा फोन आला होता, एवढं सांगितलं. ते नुसतं हं म्हणाले. मला गप्प राहता आलं असतं. त्यांनी माझी बाजू इतकी नीट सांभाळली होती की मी काही न बोलता निर्दोष सुटत होतो. तेच मला सहन होईना.

"आबा," मी म्हणालो, "मला ऐकू आलं होतं त्या दिवशी. सगळं."

ते पाय पुसत राहिले. एक पाय झाला, मग दुसरा.

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुझी खुर्ची सरकली ती ऐकली की मी. वाटलं, आता येतंय. आलास न्हाईस."

"मग मालकांना ऐकू आलं नाही असं कशाला सांगितलंत?"

"तू माझ्यापायी बसलास खाली. मग मी काय तुझं नाव सांगू?" त्यांनी पंचा पिळला आणि उगाच पुन्हा झटकला. "पर काम गेलं की रं. एवढं मोठं काम गेलं तुझं."

माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मी जे करत होतो त्याला आबांनी काम म्हणायची ती पहिली वेळ होती, आणि ते हातचं गेल्यावर म्हणाले.