फिट आलेल्या माणसाला आम्ही दारुडा ठरवलं

मित्रांनो, आज स्वतःच्या कामाची किळस आली.

सोलापुरातल्या एका व्हिडिओ पोर्टलची वेबसाइट मी सांभाळतो. सकाळी आम्ही 'एसटी स्टँडवर दारुड्याचा धिंगाणा' असा व्हिडिओ टाकला. दुपारी त्या माणसाची मुलगी ऑफिसात आली.

"सर, वडील दारूला शिवत पण न्हाईत. त्यांना फिट येते. तेवढा व्हिडिओ काढा की."

संपादक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "संध्याकाळपर्यंत राहू दे. लई चाललाय."

मी तिच्यादेखत तो व्हिडिओ सर्व्हरवरूनच उडवला. संपादकांनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

पण तोवर तो व्हिडिओ ग्रुपाग्रुपांत पोचला होता. तुमच्यापैकी कुणी हसत पुढं पाठवला असेल, तर आता तिथंच खरं काय ते लिहाल का?