बाबांचे मसुदे

टॅक्सी खाली हॉर्न मारत होती आणि बाबा माझ्या मँचेस्टरच्या नव्या ऑफिसला पाठवायच्या ईमेलमधला स्वल्पविराम हलवत होते. अँटॉप हिलच्या सरकारी कॉलनीतून मी निघाले ती अशी. आई डोळे पुसत होती. बाबा म्हणाले, "पोचलीस की कळव. एकच ओळ लिही, पण शुद्ध लिही."

मागे तिथेच राहिलेल्यांनो, तुम्हाला हे बाबा माहीत आहेत. जन्मभर सरकारी कारकुनी. पत्र म्हणजे आधी मसुदा, मग साहेबांची मान्यता, मगच रवानगी. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, तुम्हाला फोनमधले बाबा माहीत असतील. रिटायर झाल्यावर माझे बाबा ठाकूरद्वारला राहायला गेले आणि मेसेज करायला शिकले, ते नातीसाठी. माझी ईरा दहा वर्षांची, मँचेस्टरला वाढलेली. मराठी बोलते, वाचता येत नाही. म्हणून बाबा तिला इंग्रजीत लिहिणार. पण थेट? छे! मसुदा आधी मला.

"मान्यतेसाठी सादर. 'आय टेक्स्टेड यू' चालतं ना? आमच्या वेळी टेक्स्ट म्हणजे नुसतं पुस्तक. आणि ईरा मेसेजला डीएम म्हणते, त्याचा भूतकाळ कसा करतात गं?"

सुरुवातीला मजा यायची, मी लगेच तपासून द्यायचे. मग मीटिंगा, ईराची शाळा, स्वयंपाक. मेसेज बघायचे आणि 'नंतर' म्हणून ठेवून द्यायचे.

गेल्या रविवारी ईरा फुरंगटून म्हणाली, "आजोबांनी मला घोस्ट केलंय. मी मेसेज करते, ते रिप्लायच करत नाहीत."

मी माझा फोन उघडला. बाबांचे मसुदे एकाखाली एक पडलेले. तिच्या पोहण्यातल्या पदकाचं कौतुक. सर्दी कशी आहे म्हणून चौकशी. मग, 'आर यू अँग्री विथ मी?' आणि त्याखाली माझ्यासाठी मराठीत, "हा जरा लवकर बघशील का?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन लावला आणि वर मीच चिडले. "बाबा, मला कशाला विचारत बसता? पाठवायचं की सरळ!"

"अगं, चुकीचं गेलं तर पोरीला वाटायचं, आजोबा अडाणी." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आणि साहेब कामात असले की थांबावं लागतं. त्यात काय एवढं?"

मी फोन ईराच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

घर मी मागे सोडून आले, असं मी सगळ्यांना सांगत आले. घर तर माझ्याच फोनमध्ये ताटकळत बसलं होतं, आणि मी ते बघून, उत्तर न देता, नुसतं 'सीन' करून ठेवलं होतं.