मांडीवरची पिशवी

बसस्टँडवरच्या शौचालयाबाहेर पैसे घ्यायला बसणाऱ्या पारूमावशीमुळे मी आज या परक्या शहरातल्या शिवणवर्गात आहे. माझी शाळा सातवीतच सुटली होती आणि नोकरी लावतो म्हणून एक माणूस मला गावाहून घेऊन निघाला होता. मावशीने एवढंच विचारलं, "पोरी, तुझी पिशवी त्याच्या हातात का गं?" तिने मला आत घेतलं, कडी लावायला सांगितलं, पोलिसांना फोन केला आणि पोलीसबाई येईपर्यंत दारासमोर स्टूल टाकून बसली. तो बाहेरून हाका मारत होता.

आज वर्गात आलेली नवी मुलगी पिशवी मांडीवर घेऊनच मशीन चालवत होती. टीप वाकडी जात होती.

"पिशवीलाही शिवण शिकवतेस काय?" शेजारची शांता हसली.

"राहू दे गं," शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. "खाली ठेवावीशी वाटेल तेव्हा ठेवील."

आमच्या वर्गात कुणी कुणाच्या पिशवीला हात लावत नाही.

जगभरच्या बंदरांवर, विमानतळांवर अशा किती मुली उभ्या असतील, ज्यांचे कागद आणि फोन दुसऱ्याच्या खिशात आहेत! बघणाऱ्याला वाटतं, बरं झालं, पोरीला सोबत आहे.

दुपारी ती पाणी प्यायला उठली, तेव्हा पिशवी खांद्याला अडकवूनच गेली. मीसुद्धा अजून रस्त्याने चालताना पट्टा चाचपत असते.

मावशी, माझा हात जरा बसू दे. तुझ्यासाठी लांब पट्ट्याची पिशवी शिवीन आणि त्याच बसस्टँडवर एकटी येऊन तुझ्या हातात देईन.