सरांच्या केबिनमधले पेढे

माझी नणंद शकू जाऊन आता दीड महिना होत आला. ती गेली तेव्हा लातुरातल्या एका मोठ्या क्लासचे मालक भेटायला आले होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. सतरंजीवर बसले, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, “शेवटी रिपोर्ट खरा ठरला हो.” सुतक होतं म्हणून मी गप्प बसले... नाहीतर चप्पल हाताशीच होती.

शकू जीवशास्त्र शिकवायची. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तिनं पोरं गोळा केली, ती तिची सुरुवात. त्याच दिवसांत आवई उठली की अमुक तारखेला पुन्हा हादरा बसणार. मी तर काय, शहाण्यांची राणी. दिवस मावळायच्या आत लोणच्याची बरणी, शिलाई मशीन आणि नवरा, याच क्रमानं सगळं मैदानात आणून टाकलं. शकू उशी घेऊन हसत मागून आली. “वयनी, धोका हाय म्हणून भाईर झोपायचं, हे बरोबर. पण तारीख कोण सांगून राहिलं तुमाला?” लोणचं मात्र तिनंच संपवलं.

पुढं लातुरात क्लासचं पीक आलं आणि शकू सरांच्या क्लासात शिकवू लागली. फलकावर सरांशेजारी शकूचा फोटो झळकू लागला. आणि खोकल्याचं निमित्त होऊन तिच्या फुप्फुसात कॅन्सरची छोटी गाठ निघाली. तंबाखूला कधी शिवली नव्हती बाई. हैदराबादला ऑपरेशन झालं. लवकर सापडली म्हणून गाठ पुरती निघाली. तिथले डॉक्टर एक अभ्यास करत होते. गाठ तेवढीच लहान, ऑपरेशन तेच, तरी एखाद्याचा आजार उलटतो, दुसऱ्याचा नाही. मग जनुकांतल्या जन्मजात बारीक फरकांवरून ते आधी ओळखता येईल का? शकूनं हौसेनं रक्त दिलं. रिपोर्ट आला. तिच्यात सापडलेले फरक नेमके आजार उलटलेल्यांत जास्त दिसत होते. वरचेवर तपासणीला या, म्हणाले. सुट्टी मागताना तिनं हे सरळ सरांना सांगितलं. आठवड्यात फलकावरून तिचा फोटो उतरला, तासही गेले.

“पालक विचारतात हो मॅडम. वर्षाच्या मधेच तुम्ही नसलात तर?” सर म्हणाले.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, “वयनी, जल्मभर जनुकं शिकवली मी, अन् हा मला तारीख सांगून राहिला.”

तिनं सरांच्या क्लाससमोरच्या गल्लीत स्वतःचा क्लास काढला. पहिल्या तासाला जनुकं शिकवताना फळ्यावर स्वतःचाच रिपोर्ट उतरवायची. आणि दरसाल, निकाल लागला की पेढे घेऊन थेट सरांच्या केबिनमध्ये. साक्षीला मी. पालक समोर बसलेले असतानाच आत शिरायची. “सर, घ्या पेढा. मी हाय अजून.” नाही म्हणायची सोय नसे.

आजार उलटला, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी सरांनी किती पेढे गिळले...

गेल्या आठवड्यात निकाल लागला. शकूची पोरं चांगली पास झाली. तिच्याच कापडी पिशवीत पेढ्यांचा खोका घालून मी एकटी गेले. केबिन पालकांनी भरलेली. सर उठून उभे राहिले.

“आजी, आता कशाला? मॅडम तर...”

“त्या गेल्या,” मी खोका उघडला. “मी हाय अजून.”

त्यांनी पेढा उचलला. तो संपेपर्यंत मी खुर्चीवरून हलले नाही.