पुलावरचं संमतीपत्र

लालबागच्या एका चाळीत दोन इमारतींना दुसऱ्या मजल्यावर जोडणारा लाकडी पूल आहे. वर कौलं, दोन्ही बाजूंना कठडा. लहानपणी आईबरोबर एका बारशाला गेले होते, तेव्हा तो पाहिला होता. कॉलेजात सरांनी जुन्या बांधकामांचे फोटो काढून आणायला सांगितलं, तेव्हा मला तोच आठवला. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे सरांचं प्रत्येक काम मी जरा जास्तच मनावर घेते.

दुपारी गेले. पुलाच्या टोकाला एक काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांची खोली पुलालाच लागून होती आणि दाराबाहेर पत्रे ठोकून त्यांनी मोरी केली होती.

"खयसून इलंस गो?"

"वरळीहून. कॉलेजसाठी फोटो काढतेय, पुलाचे."

"ह्या पुलाचे?" त्या हसल्या. "पडतलो तेव्हा ये."

पण काढू दिले. एक फोटो फारच छान आला. कौलांतून उन्हाची तिरीप, खाली काकू, मागे मोरीचा पत्रा. मग सरांनी दिलेला कागद मी पुढे केला. फोटोत माणूस असेल तर त्याची सही हवी, असं ते म्हणाले होते. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: संमतीपत्र.

काकूंनी तेवढा शब्द वाचला आणि सूप बाजूला ठेवलं.

"सही मी खयच करूचंय नाय."

शेजारचा दरवाजा उघडला. मग त्याच्या पुढचा.

"कुठल्या बिल्डरची गो तू?" एक बाई म्हणाली. "मागचा तर कुरिअरवाला बनून आला होता. आता कॉलेजवाली पाठवली!"

मी ओळखपत्र दाखवलं. "असली दादरला ढिगानं मिळतात," कोणीतरी म्हणालं.

चूक माझीच होती. आम्हीही चाळीतलेच. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून संमतीपत्र म्हटलं की आमच्या मजल्यावरही गप्पा थांबतात. पण कॉलेजचा कागद हातात असला की मला घरचं काही आठवत नाही.

तेवढ्यात चाळीचे सेक्रेटरी आले. त्यांनी सगळ्यांना आत जायला सांगितलं आणि मला जिन्यापाशी नेलं. आवाज अगदी गोड.

"घाबरू नकोस, बेटा. मी समजावतो त्यांना. तू फक्त तो फोटो मला टाक."

"कोणता, काका?"

"तोच. मोरी दिसते तो."

मी त्यांना एकही फोटो दाखवला नव्हता. मोरीबद्दल तर बोललेही नव्हते. कदाचित ते खरंच मदत करत असतील. मला अजूनही नक्की सांगता येत नाही. पण तेव्हा माझा अंगठा स्क्रीनवर थांबला.

"नेट नाहीये," मी खोटं बोलले. "घरी गेल्यावर पाठवते."

ते खाली जाईपर्यंत मी बुटाची नाडी बांधत बसले. मग परत जाऊन काकूंचं दार वाजवलं. फटीतून एक डोळा दिसला. सेक्रेटरींनी काय मागितलं, ते मी सांगितलं. दार थोडं उघडलं.

"नव्या घरांसाठी यादी करतत," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेर बांधलेला दाखवल्यानी तर माझी खोली यादीतसून काढतीत. चाळीस वर्सां रवतंय हय."

मी त्यांच्यासमोर फोन धरला आणि मोरीचे सगळे फोटो पुसले. तो छान आलेलाही. सरांना दाखवायला आता नुसती कौलं उरली होती.

"झालं, काकू."

"खय झाला? आता तो कचऱ्याचो डबो उघड. थय रवतत ते. माका नातीन शिकवल्यान हा."

मी डबा उघडला. सगळे फोटो तिथे होतेच. तेही पुसले. रिकाम्या स्क्रीनवर काकूंनी स्वतः बोट फिरवून बघितलं. मग हात पुढे केला.

"आणि तो कागद?"

मी कोरा फॉर्म दिला. त्यांनी तो मधोमध फाडला, एक तुकडा माझ्या हातात ठेवला, दुसरा घडी करून तांदळाच्या डब्यात टाकला.

"अर्धो तुझ्याकडे, अर्धो माझ्याकडे. आता कोण भरता ता बघूया," म्हणाल्या आणि आतून कडी लावली.